बंड्या, बासरी आणि बाथरूम : प्राण्यांना वाद्यसंगीताने खरंच झोप लागते का?

नस्ती_उठाठेव | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला, तरी आमचा बंड्या बाथरूममधून बाहेर यायला तयार नाही. म्हणून हा धागा.

बंड्या म्हणजे तीन वर्षांचा गावठी कुत्रा. माजिवड्याच्या पुलाखाली सापडलेला, डाव्या कानाला खाच असलेला, स्वभावाने भिडस्त. आम्ही मानपाड्याला चौथ्या मजल्यावर राहतो, खिडकीतून घोडबंदर रोड दिसतो. मेट्रोचं खोदकाम, रात्रीचे डंपर, हे सगळं त्याने मुकाट पचवलं होतं. पण यंदा एक मिरवणूक आमच्या गेटसमोर पाऊण तास अडकली. डीजेच्या भिंतीमुळे कपाटातल्या कपबशा वाजत होत्या. बंड्या जो बादलीमागे जाऊन बसला तो तिथलाच झाला. आता कुकरची शिट्टी झाली तरी पळतो.

लेकीने यूट्यूबवर शोधून 'कुत्र्यांसाठी दहा तास शांत संगीत' लावलं. हार्प आणि झऱ्याचं पाणी. बंड्याने दोनदा जांभई दिली, आम्ही खूश. मग मला वाटलं, हार्प कशाला, आपली बासरी काय वाईट? गेले पाच दिवस सकाळी निघताना पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी लावून जाते. साडेनऊ ते चार तो एकटाच असतो. कॅमेऱ्यात बघते तर पठ्ठ्या झोपत नाही, दार ते बाथरूम, बाथरूम ते दार अशा फेऱ्या मारतो. वर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बासरी छानच आहे गं, पण दुपारी दोन वाजता रोज तीच तान त्याच जागी येते, डोकं उठतं."

तर असं संगीत खरंच काम करतं की आपल्याच मनाचे खेळ? करत असेल तर कुठलं वाद्य, आणि आवाज किती ठेवायचा? दिवाळी महिन्यावर आली आहे आणि मला आत्तापासून धडकी भरली आहे.

सानपाडा_स्लो | १४ सप्टेंबर, रात्री १०.३१

गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. तुमच्या बंड्याला कालचा गोंधळ बरा नव्हता म्हणून तुम्ही गीता लावताय. चालू द्या. रुमाल टाकून ठेवतो.

मध्यरात्रीचा_चहा | १४ सप्टेंबर, रात्री ११.५८

आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे. असलं संगीत लावलं की पाचव्या मिनिटाला नवरा घोरायला लागतो आणि कुत्रा त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. नवऱ्यासाठी खात्रीचा उपाय आहे. कुत्र्याचं माहीत नाही.

कोपरीकर | १५ सप्टेंबर, सकाळी ६.१५

आमच्या कोपरीच्या चाळीत मोत्या होता. शिळी पोळी खायचा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झोपायचा, बाजूने रेल्वे गेली तरी कूस बदलायचा नाही. त्याला कुणी हार्प ऐकवला नव्हता. तुम्ही लोकांनी कुत्र्याला माणूस करून ठेवलंय आणि माणसाला कुत्र्यासारखं राबवताय. कुत्रा सहा तास एकटा कोंडायचा आणि वर बासरी लावायची, याला काय अर्थ आहे?

नस्ती_उठाठेव | १५ सप्टेंबर, सकाळी ८.४०

काका, पगार बंड्याच्या बिस्किटांसाठीच जातो. आणि दुपारी एकला कामाच्या ताई येऊन त्याला खाली फिरवून आणतात. अगदीच कोंडलेला नाही हो.

खाडीवारा | १५ सप्टेंबर, दुपारी १.१०

हा माझ्या आवडीचा विषय. ऐरोलीत राहतो, ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे आणि घरात दोन कुत्री आहेत.

मनाचे खेळ नाहीत, पण जाहिरातीत सांगतात तेवढी जादूही नाही. २००२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात आळीपाळीने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, पॉप, हेवी मेटल, माणसांच्या गप्पा आणि शांतता, असं सगळं ठेवून पाहिलं. शास्त्रीय लावलं तेव्हा कुत्री जास्त वेळ आडवी पडली, भुंकणं कमी झालं. हेवी मेटलने भुंकणं वाढलं. पॉप आणि गप्पांनी ढिम्म फरक पडला नाही.

पुढे २०१२ मध्ये कोलोरॅडोत लोरी कोगन यांनी ११७ कुत्र्यांवर असंच काम केलं. शास्त्रीय संगीताला कुत्री जास्त झोपली, मेटलला थरथरली. गंमत म्हणजे 'खास कुत्र्यांसाठी' म्हणून तयार केलेलं जे संगीत होतं, त्याचा साध्या शास्त्रीय संगीताइतका परिणाम दिसला नाही. दहा तासांच्या त्या व्हिडिओंवर पैसे घालवण्यापूर्वी हे लक्षात ठेवा.

आता काकूंच्या तक्रारीबद्दल. त्यांचं बरोबर आहे, आणि बंड्याचंही बहुतेक तेच म्हणणं असेल. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि तिथल्या प्राणिसंस्थेने केलेल्या कामात असं दिसलं की तेच तेच शास्त्रीय संगीत लावलं तर परिणाम लवकर ओसरतो, कुत्री सरावतात. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी पाच प्रकार आलटून पालटून लावले. सर्वात शांत कशाला झाली? सॉफ्ट रॉक आणि रेगे (जमैकातलं संथ ठेक्याचं संगीत).

सानपाडा_स्लो | १५ सप्टेंबर, दुपारी १.१४

रेगे! म्हणजे बंड्याला आता जटा वाढवाव्या लागणार.

तिरकीट | १५ सप्टेंबर, रात्री ९.०५

मी नौपाड्यात तबला शिकतो (शिकवतो असं अजून म्हणवत नाही). आमच्या गुरुजींच्या क्लासमध्ये खालच्या गल्लीतली एक कुत्री येऊन बसते, चिंगी. तिच्यावरून एक गोष्ट सांगतो.

तानपुरा लागला की ती दाराच्या उंबऱ्यावर अंग टाकते. विलंबित चालू असेपर्यंत डोळे मिटलेले. लय वाढली की एक कान वर, मग मान वर. आणि आम्ही रेला (भरधाव बोल) घेतला की उठून अंग झटकते आणि सरळ जिना उतरते. गुरुजी म्हणतात, "हिला कळतं तुमचा हात कुठे घाण होतो ते."

मुद्दा असा. आपल्याकडची वाद्यसंगीताची रेकॉर्डिंग 'शांत' म्हणून लावताना लोक पहिली दोन मिनिटं ऐकतात. आलाप असतो, सुंदर वाटतं. पण राग तिथे थांबतो का? आलापानंतर जोड, मग 'झाला' (तारांवर भराभर आघात), मग गत, तबला, द्रुत, सवाल-जवाब, शेवटी तिहाई आणि टाळ्यांचा कडकडाट. संतूर-सतारीचा झाला म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने पत्र्यावर गारा. तुम्ही साडेनऊला आलाप लावून निघता, सव्वादहाला घरात धुमश्चक्री चालू असते. काकूंची दोनची तान बहुधा द्रुत गतीतलीच असणार.

तेव्हा फक्त आलाप घ्या. झाला सुरू व्हायच्या आत तोडा आणि दुसऱ्या रागाचा आलाप जोडा. आणि यूट्यूबच्या मधल्या जाहिराती बंद करा. माझ्या बहिणीच्या घरी बागेश्री ऐकत झोपलेलं मांजर टाइल्सच्या जाहिरातीने पडद्यावर चढलं होतं.

नस्ती_उठाठेव | १५ सप्टेंबर, रात्री ९.३०

तिरकीट, अगदी! आत्ता ते रेकॉर्डिंग पुढे सरकवून ऐकलं. पन्नासाव्या मिनिटाला जे काय चालू होतं त्याने मीच उठून उभी राहिले. आणि ते पन्नास मिनिटांचं प्रकरण दिवसभर पुन्हा पुन्हा वाजतंय. बिचाऱ्या काकू.

बोक्याची_आई | १६ सप्टेंबर, सकाळी ११.२२

कुत्र्यांच्या गप्पांत मांजरवाल्यांना जागा आहे का? नेरुळला माझ्याकडे दोन आहेत, मनी आणि गोट्या.

मांजरांना माणसांचं संगीत म्हणजे भिंतीला टेकून ठेवलेली शिडी. असली काय, नसली काय. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे चार्ल्स स्नोडन आणि डेव्हिड टाय नावाचे संगीतकार यांनी मांजरांच्या आवाजाची उंची आणि घुरघुरण्याची, दूध पिण्याची लय धरून खास धून तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास आला. ४७ मांजरांना दोन्ही प्रकार ऐकवले. माणसांच्या संगीताकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, या धून लागल्या की स्पीकरजवळ जाऊन गाल घासायची. नंतर लुइझियानात दवाखान्यात तपासणीच्या वेळी टाय यांचीच धून लावून पाहिली, तर मांजरं कमी ताणलेली दिसली.

माझा अनुभव : मनी आली, स्पीकर हुंगला, गाल घासला. मला भरून आलं. मग स्पीकर टेबलावरून ढकलून दिला.

खाडीवारा | १६ सप्टेंबर, दुपारी २.४५

@बोक्याची_आई, हसून हसून पुरेवाट. पण एक तांत्रिक गोष्ट. मांजराची घुरघुर साधारण २५ हर्ट्झपासून सुरू होते. मोबाइलचा स्पीकर एवढा खालचा स्वर वाजवूच शकत नाही. त्यामुळे त्या धून मोबाइलवर ऐकवणं म्हणजे आमरस गाळून नुसती वाटी पुढे करणं. जरा बरा स्पीकर हवा.

उलट टोकालाही तेच. 'फक्त कुत्र्यांना ऐकू येणाऱ्या गुप्त लहरी' अशा नावाचे व्हिडिओ असतात. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजार, मांजराला त्याच्याही वर. पण सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत बावीस हजारांच्या वर काही साठवताच येत नाही, आणि ऑनलाइन फाइल आकसताना बहुतेक त्याच्याही खाली कापली जाते. म्हणजे गुप्त लहरी असतील तर त्या व्हिडिओ टाकणाऱ्याच्या खिशात.

आवाजाचं विचारलंत. आपल्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे (मिरवणुकीच्या दिवशी ती कुठे जाते ते विचारू नका). घरात आपण हळू बोलतो त्याच्यापेक्षा वर जाऊ नका. आणि एकदा जमिनीवर बसून, कुत्र्याच्या उंचीवर कान नेऊन ऐका. माझा साउंडबारचा वूफर (खर्जाचा स्पीकर) लादीवर होता. सोफ्यावर मला गोड वाटायचं, खाली बसलो तर दात वाजले. दोन वर्षं माझी भुंगी तिथून उठून का जाते ते तेव्हा कळलं. लाज वाटली.

येऊर_भटक्या | १६ सप्टेंबर, रात्री ८.००

संगीताबरोबर खोलीत सुगंधी तेलाचं डिफ्यूझर लावा. आम्ही टी ट्री आणि लव्हेंडर लावतो, वातावरण एकदम उपवन तलावावरच्या पहाटेसारखं. प्राण्यांनाही बरं वाटतं.

डॉ_चतुष्पाद | १६ सप्टेंबर, रात्री ८.०९

कृपया नको. टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. मांजराचं यकृत असली बरीच द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही. डिफ्यूझर आजच बंद करा.

आलोच आहे तर मूळ धाग्याबद्दल. मी वाशी परिसरात पशुवैद्यक आहे.

बंड्याची जांभई झोपेची असेलच असं नाही. ताण आला की कुत्री जांभया देतात, ओठ चाटतात, गर्मी नसताना धापा टाकतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. तेव्हा जांभई मोजू नका. हनुवटी जमिनीला टेकली का, कूस बदलून एका अंगावर पडला का, श्वास संथ झाला का, ते बघा.

दुसरं, तो बादलीमागे बसतो तर त्याला ओढून बाहेर काढू नका. बाथरूम ही घरातली बहुतेक एकमेव जागा जिला रस्त्याकडे खिडकी नसते. त्याने बरोबर निवडली आहे.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं. दिवाळीसाठी औषधाची गरज वाटत असेल तर आत्ता तुमच्या डॉक्टरांना भेटा. दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा वाजता फोन येतात, तेव्हा आमच्या हातात फार काही उरत नाही. नुसतं गुंगीचं औषध दिलं तर अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. भीतीवरची औषधं वेगळी असतात, त्यांची मात्रा आधी घरी शांत दिवशी तपासून बघावी लागते. माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं.

आणि वयस्क कुत्रं अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर सांधे दुखतायत का तेही बघून घ्या.

येऊर_भटक्या | १६ सप्टेंबर, रात्री ८.१५

बंद केलं, डॉक्टर. धन्यवाद. खरंच माहीत नव्हतं.

कोपरीकर | १७ सप्टेंबर, सकाळी ६.०५

डॉक्टरांचं पटलं. पण बासरी आणि जनावरं हे तुम्हाला बेलफास्टने शिकवायची गरज नाही. गोकुळात गायी बासरी ऐकून चरणं विसरायच्या, पान्हा सोडायच्या. आपल्याकडे हे ज्ञान आधीपासून आहे.

सानपाडा_स्लो | १७ सप्टेंबर, सकाळी ९.५०

काका, परवा तुमच्या मोत्याला काहीच लागत नव्हतं, आज एकदम गोकुळ? ठाणे-वाशी लोकलपेक्षा जोरात रूळ बदललेत तुम्ही.

खाडीवारा | १७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

काकांच्या बाजूने एक साक्ष. २००१ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात गायींवर पाहिलं होतं. संथ संगीत लावलं तर दूध सुमारे तीन टक्के वाढलं, म्हणजे गायीमागे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. जलद संगीताने वाढलं नाही. बासरी होती की नाही ते सोडा, द्रुत चालत नाही हे गायीलाही मान्य आहे. तिरकीटचा मुद्दा सिद्ध.

मध्यरात्रीचा_चहा | १८ सप्टेंबर, रात्री १२.२०

मग गारुड्याची पुंगी? नाग डोलतो तो?

खाडीवारा | १८ सप्टेंबर, सकाळी ८.०५

तो पुंगीच्या हलण्याबरोबर डोलतो. गारुडी पुंगी हलवतो, नाग तिच्यावर नजर ठेवतो.

व्यवस्थापक | १८ सप्टेंबर, सकाळी १०.००

गाय, नाग झाले. कृपया बंड्याकडे परत या.

गुळपोळी | १८ सप्टेंबर, रात्री १०.४०

सगळा धागा आत्ता एका दमात वाचला. कुणीच एक गोष्ट विचारली नाही म्हणून विचारते.

नस्ती ताई, तुम्ही बासरी कधी कधी लावता? फक्त निघतानाच का?

विचारते कारण आमच्या खारघरच्या घरी हेच झालं होतं. आमची शेरी आवाजाला नाही, एकटं राहायला घाबरायची. मी रोज ऑफिसला जाताना तिच्यासाठी संतूर लावायचे. महिन्याभराने एका रविवारी मी सहज, माझ्यासाठी, तेच संतूर लावलं. शेरी गाढ झोपली होती. पहिला स्वर ऐकला आणि ताडकन उठून दाराशी जाऊन रडायला लागली. माझ्या चपलांवर बसली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिच्या लेखी ते संतूर नव्हतंच, 'आई चालली' अशी घंटा होती ती. मी रोज सकाळी, इतक्या प्रेमाने, तिला धोक्याची सूचना देत होते.

तुमचा बंड्या दार ते बाथरूम फेऱ्या मारतो म्हणालात ना. बाथरूमचं कारण मिरवणूक असेल. दाराचं कारण काय?

नस्ती_उठाठेव | १८ सप्टेंबर, रात्री ११.०२

अगं बाई.

फक्त निघतानाच. पर्स उचलते, बासरी लावते, दार ओढते. याच क्रमाने.

डॉ_चतुष्पाद | १८ सप्टेंबर, रात्री ११.१५

गुळपोळी यांनी नेमकं बोट ठेवलं. मी घाईत हे विचारायला हवं होतं, राहून गेलं. रविवारी सगळे घरी असताना लावून बघा आणि काय होतं ते कळवा.

नस्ती_उठाठेव | २१ सप्टेंबर, दुपारी १२.४५

केलं. अकरा वाजता, मी गाऊनमध्ये, हे पेपर वाचतायत, लेक लोळतेय. बंड्या बऱ्याच दिवसांनी हॉलमध्ये पंख्याखाली पसरला होता. बासरी लावली.

आधी कान मागे गेले. मग उठला, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मोजल्यासारखं. मग दाराशी जाऊन खालच्या फटीला नाक लावून बसला. पहिला मोठा आलाप संपेपर्यंत तिथेच. मी बंद केली तेव्हा येऊन माझ्या पायावर पाय ठेवला.

हरिप्रसादजींची क्षमा मागते. आमच्या घरात आता त्यांची बासरी म्हणजे एस.टी. सुटायची घंटा.

सानपाडा_स्लो | २१ सप्टेंबर, दुपारी १२.५०

आज विनोद नाही सुचत. बिचारा बंड्या.

गुळपोळी | २१ सप्टेंबर, दुपारी २.१०

मी काय केलं ते सांगते. संतूर कायमचं बंद. नवीन वाद्य घेतलं जे तिने कधी ऐकलेलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस ते फक्त चांगल्या वेळी लावलं. रात्रीचं जेवण झालं, फिरून आली, मी तिच्या पाठीवरून फणी फिरवतेय, तेव्हा. अर्धा तास, आणि ती जागी असतानाच बंद. मग मी घरात असताना दुसऱ्या खोलीत गेले. मग कचरा टाकायला खाली गेले. मग दूध आणायला. ऑफिसला जाताना लावायची वेळ महिन्याने आली. आणि घरी असतानाही लावणं सोडलं नाही, नाहीतर पुन्हा तीच घंटा होते.

नस्ती_उठाठेव | २१ सप्टेंबर, दुपारी २.३५

मग तिरकीट, बासरी नाही तर काय घेऊ? संतूर, सतार तुम्ही आधीच बाद केलीत.

तिरकीट | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२०

रुद्रवीणा. डोळे झाकून घ्या.

खर्जाचं वाद्य, आघात मऊ, एकेक स्वर लांबवर रेंगाळतो. ध्रुपदाचा आलाप म्हणजे तासभर तबला नाही, टाळ्या नाहीत. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं ऐका. त्यांनी आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलं होतं, म्हणजे बंड्याला स्थानिक कलाकारच मिळतोय. फक्त पुढे जोड-झाला येतो तेवढा कापा. पहिला भाग सोन्यासारखा आहे.

बोक्याची_आई | २१ सप्टेंबर, रात्री ९.१०

आमच्याकडे सर्वात यशस्वी वाद्य म्हणजे जुना टेबल फॅन. खर्र खर्र वाजतो, बाहेरचे आवाज झाकून टाकतो. मनी त्याच्या मागे झोपते. ढोल-ताशाच्या दिवशी संगीतापेक्षा त्याचाच आधार होतो. मंद वीणा बेंजोपुढे काय टिकणार?

खाडीवारा | २१ सप्टेंबर, रात्री ९.४०

शंभर टक्के सहमत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते कालवतोय. रोजच्या दुपारी शांत पडून राहणं, याला संगीत चालेल. फटाके आणि डीजे हे झाकायला मात्र पंखा, एक्झॉस्ट, एसी, बंद खिडक्या, गाद्या. वीणा मोठी करून सुतळी बॉम्ब झाकायला जाल तर दोन संकटं होतील.

कोपरीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ६.२०

मला विचाराल तर त्याला वाद्यबिद्य नको, माणसाचा आवाज हवाय. आमची आई संध्याकाळी रामरक्षा म्हणायची तेव्हा मोत्या जिन्यावरून वर येऊन दाराशी बसायचा. हे काल बायकोने आठवण करून दिली म्हणून लिहितोय. मी विसरलो होतो.

खाडीवारा | २२ सप्टेंबर, सकाळी ११.००

काका, तुमच्या विरुद्ध आणि बाजूने दोन्ही पुरावे आहेत. वेल्स यांच्या अभ्यासात माणसांच्या गप्पांनी फरक पडला नव्हता. पण २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या एका निवाऱ्यात बोलती पुस्तकं ऐकवली, तेव्हा कुत्री संगीतापेक्षाही जास्त निवांत पडली. मला वाटतं, एका संथ आवाजातलं वाचन आणि चार जणांची बडबड यांत फरक असावा. रामरक्षा पहिल्या गटात, आमच्या सोसायटीची मीटिंग दुसऱ्या.

नस्ती_उठाठेव | ११ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मधला अहवाल. बासरी बंद. वीणा रात्री जेवणानंतर, मी भाजी निवडत जमिनीवर बसते तेव्हा. चौथ्या दिवशी हनुवटी टेकली. नवव्या दिवशी एका अंगावर पडला आणि झोपेत पाय मारायला लागला. परवा मी वीणा लावून तळमजल्यावर पार्सल आणायला गेले. कॅमेऱ्यात डोकं वर उचलून दाराकडे बघितलं, परत टेकवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पार्सलवाला म्हणाला, "मॅडम, ओटीपी."

डॉक्टरांना दाखवलं. दिवाळीपुरत्या गोळ्या दिल्यात, एक दिवस घरी देऊन पाहिल्या.

मध्यरात्रीचा_चहा | ११ ऑक्टोबर, रात्री ११.५०

वीणा आमच्याकडेही लावली. नवरा आता तिसऱ्या मिनिटाला.

नस्ती_उठाठेव | २४ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

दिवाळी झाली. कळवते म्हटलं होतं.

लक्ष्मीपूजनाला दुपारी चारलाच बंड्याला फिरवून आणलं. बाथरूममध्ये जुनी गोधडी, पाण्याचं भांडं, दार अर्धं उघडं, एक्झॉस्ट चालू, आणि शॅम्पूच्या फळीवर छोटा स्पीकर, वीणा अगदी मंद. सातला गोळी. साडेसातपासून जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत. मी मधून मधून उंबऱ्यावर बसून फराळाची ताटं पुसत होते.

तो झोपला वगैरे नाही. उगाच कशाला सांगू? पहिल्या मोठ्या बॉम्बला गोधडीवर मुतला. पण गेल्या वर्षी त्याने दार खरवडून नखातून रक्त काढलं होतं, यंदा उठलाही नाही. धापा कमी होत्या. बाराच्या सुमारास बाहेर आला, दोन घास दहीभात खाल्ला आणि परत आपणहून गोधडीकडे गेला. ती मी बदललेली नव्हती.

आणि हो, भाऊबीजेला शेजारच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "तुझी बासरी बंद झाली ती बरी, पण आता ते घों घों काय असतं गं? भिंतीतून फ्रिज वाजल्यासारखं येतं." मी म्हटलं, रुद्रवीणा. "असू दे," म्हणाल्या, "फ्रिज परवडला."

तिरकीट | २४ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

हे मी गुरुजींना सांगणार नाही.

कोपरीकर | २४ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

गोधडी धुतलीत का?

नस्ती_उठाठेव | २४ ऑक्टोबर, दुपारी १२.००

धुतली हो काका.

पामबीच_पहाट | २ नोव्हेंबर, रात्री १.३५

नवीन सभासद आहे. धागा मोठा असल्याने पूर्ण वाचला नाही. कासवासाठी कुठलं संगीत लावावं? कृपया लवकर सांगा.

सानपाडा_स्लो | २ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

कासवाला घाई नाही. तुम्ही आधी धागा वाचा.